इंग्रजी निबंधाची शिकवण : सोलापूरचे एक हेडमास्तर

इंग्रजींत निबंध कसा लिहावा, हा प्रश्न आमच्याकडील विद्यार्थी शंभर-दीडशें वर्षें विचारीत आले आहेत आणि आजहि विचारतात. निबंध म्हणजे येथें शब्दांची आतषबाजी मला अभिप्रेत नाहीं. ज्यांत लेखक एक मत मांडतो, त्याची फोड करून दाखवितो, पुराव्यानें तें सिद्ध करतो आणि विरुद्ध मताच्या माणसासहि विचार करावयास भाग पाडतो, अशा निबंधाविषयीं मी बोलत आहें. परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत याचीं उत्तरें पुष्कळ सांपडतात : प्रारंभ असा करावा, मध्य असा असावा, शेवटीं एखादें सुभाषित घालावें. या उत्तरांना माझी हरकत नाहीं. परंतु महाराष्ट्रांत ही विद्या प्रत्यक्ष कशी शिकली गेली, कोणीं शिकविली आणि तिचा उपयोग कशासाठीं केला, हें इतिहासांत पाहूं गेल्यास निराळेंच उत्तर मिळतें. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या सोलापुरास येऊन पोंचतो, आणि त्याची आठवण शहरांत फारशी राहिलेली नाहीं, म्हणून आजचें भाषण.

तो धागा म्हणजे रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी. हें नांव ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीचा वेष करून गेलेले सार्वजनिक काका उभे राहतील. पण ते गणेश वासुदेव जोशी. ते १८२८ सालीं जन्मले, १८७० मध्यें पुण्याची सार्वजनिक सभा स्थापन करण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला आणि १८८० मध्यें ते वारले. आपले जोशी त्यांच्याहून बरेच लहान. १८५१ ते १९११ हा त्यांचा काल. दोघांचीं इंग्रजी आद्याक्षरें एकच आणि दोघांचाहि सार्वजनिक सभेशीं संबंध, त्यामुळें एकाचें कार्य दुसऱ्याच्या नांवावर जमा होण्याचा प्रकार अनेकदां घडतो. व्यंकटेशपुत्र जोशी हे पेशानें शिक्षक होते. सरकारी हायस्कुलांत त्यांनीं हयात घालविली, आणि सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे ते हेडमास्तर होते. बाहेरून पाहणाऱ्यास एक शांत, नियमित, पोरांच्या हजेरीपटांत गुंतलेला माणूस दिसे. पण हिंदुस्थानच्या जमाखर्चाचें ज्ञान ज्यांना त्यांच्याइतकें होतें, अशीं माणसें त्या काळीं साऱ्या देशांत बोटांवर मोजण्याइतकींच असतील.

त्यांच्या कार्याचें मोल कळण्यासाठीं आपणांस थोडें मागें गेलें पाहिजे. आपल्या लोकांनीं इंग्रजी गद्य हातीं धरलें तें प्रथम नोकरीसाठीं, हें खरेंच आहे. पण फार लौकर त्यांतून दुसरेंहि कांहीं निघालें. १८४१ सालीं मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रांत ‘एक हिंदु’ या टोपणनांवानें आठ पत्रें प्रसिद्ध झालीं. त्यांत इंग्रजी राज्यामुळें देशाची संपत्ति कशी बाहेर चालली आहे, याची चर्चा स्वच्छ इंग्रजींत आणि निर्भयपणें केली होती. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे धाकटे बंधु. एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकलेला पंचविशीच्या आसपासचा हा तरुण राज्यकर्त्यांच्या भाषेंत राज्यकर्त्यांस जाब विचारीत होता. १८४७ सालीं तो अकालीं वारला. त्याच्या पत्रांत बुद्धि आहे आणि संतापहि आहे. परंतु त्यामागें संस्था नव्हती, आणि सालोसालचे सरकारी आंकडे चाळून त्यांवर पुढचा लेख रचणारी शिष्यपरंपराहि नव्हती.

ती परंपरा उभी राहण्यास आणखी तीस-पस्तीस वर्षें जावीं लागलीं. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. त्याच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते. बेकन, बर्क, मेकॉले, मिल हे लेखक त्या पिढीनें नुसते वाचले नाहींत, घोकले. रानडे विद्यार्थी असतांना त्यांनीं एका उत्तरपत्रिकेंत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, ती प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रांट यांना रुचली नाहीं, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. गुरूची विद्वत्ता रानडे पुढेंहि आदरानें मानीत राहिले. पण इंग्रजी निबंध ही कोणाला बक्षीस मिळवून देणारी निरुपद्रवी कसरत नाहीं, त्याची किंमत मोजावी लागते, हा धडा त्यांना विद्यार्थिदशेंतच मिळाला.

मग आला १८७६ चा दुष्काळ. आपल्या सोलापूर जिल्ह्यानें तो दुष्काळ कसा भोगला हें जुन्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या सांगितलें जात असे. सार्वजनिक सभेनें या काळांत दुष्काळी भागांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढें मांडली. अमुक गांवीं पीक किती, मजुरीचा दर किती, ढोरें किती उरलीं, अशा तपशिलानें अर्ज भरूं लागले. केवळ ‘आम्ही गरीब आहों, दया करा’ असें म्हणण्याचा काल संपला, आणि ‘आपल्याच नोंदींप्रमाणें स्थिति अशी आहे, सबब आपलें धोरण चुकत आहे’ असें म्हणण्याचा काल सुरू झाला. १८७८ सालीं सभेनें इंग्रजी त्रैमासिक काढलें. त्यांतील पुष्कळ लेखन रानड्यांचें होतें. लेखांवर बहुधा लेखकाचें नांव नसे. रानडे न्यायखात्यांत, जोशी शिक्षणखात्यांत. दोघेहि सरकारी नोकर. ज्या सरकारचा पगार घ्यावयाचा त्याच सरकारच्या धोरणाची चिकित्सा करावयाची, तर नांव मागें ठेवणें भागच होतें. पण मला वाटतें, या नांव नसण्याचा एक सुपरिणामहि झाला. लेखक कोण, त्याचें वजन किती, हें वाचकास कळत नसल्यामुळें लेखाला स्वतःच्या पुराव्यावर उभें राहावें लागे.

या त्रैमासिकांतील जोशींच्या लेखांपैकीं १८८४ सालचा एक लेख आपण नमुन्यादाखल घेऊं. विषय होता मुक्त व्यापार आणि रेल्वेचा विस्तार यांचे आर्थिक परिणाम. त्या काळीं रेल्वे म्हणजे प्रगति, हें समीकरण शहाण्यासुरत्या लोकांनींहि मान्य केलें होतें. आगगाडीविरुद्ध बोलणारा माणूस अडाणी ठरण्याची भीति होती. जोशींनीं आगगाडीची निंदा केली नाहीं. त्यांनीं प्रश्नच बदलला. आगगाडी चांगली कीं वाईट, असें न विचारतां त्यांनीं विचारलें कीं, तिच्यावरील खर्च कोण करतो आणि तिचा लाभ कोणास होतो? रेल्वेकंपन्यांच्या भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें घेतलेली ; नफा झाला नाहीं तरी व्याज हिंदी रयतेच्या करांतून जावयाचें. रूळ, यंत्रें, सामान विलायतेहून यावयाचें. त्यांतून आंत येणारा माल विलायती कापडाचा आणि बाहेर जाणारा माल कच्च्या धान्याचा व कापसाचा. इंग्लंडांत आगगाडी आली तेव्हां तेथील कारखाने तिच्याबरोबर वाढले. येथें ती आली तेव्हां कारागिरांचे धंदे बसले आणि तीं माणसें शेतीवर येऊन पडलीं. सबब हा खर्च म्हणजे वस्तुतः हिंदुस्थाननें विलायती उद्योगधंद्यांस दिलेली मदत ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

श्रोतेहो, या युक्तिवादाशीं आपण सर्वांशीं सहमत व्हावें असा माझा आग्रह नाहीं. अर्थशास्त्राच्या पंडितांनीं पुढें त्यावर पुष्कळ वाद केला आहे. मला दाखवावयाची आहे ती रचना. प्रतिपक्षाचें जें बलवान् स्थान, तेथेंच जोशी जातात. त्याचें म्हणणें ते विकृत करीत नाहींत. मग एका मोठ्या शब्दाचे तुकडे करतात : ‘प्रगति’ म्हणजे कोणाची, कोणाच्या खर्चानें, कोणत्या धंद्यांत? आणि प्रत्येक तुकड्यास सरकारी अहवालांतील आंकडा जोडतात. ज्यांना ब्लू बुकें म्हणत, ते पार्लमेंटचे जाडजूड अहवाल, जमाखर्चाचीं वार्षिक पत्रकें, आयात-निर्यातीचे तक्ते, हें त्यांचें नित्याचें वाचन. सरकारचा आंकडा सरकारला नाकारतां येत नाहीं, ही त्यांतील मेख होती.

ही पद्धति सोलापूरच्या माणसास समजावून द्यावयाची तर दूर जाण्याचें कारण नाहीं. पुढील दाखला माझा आहे, जोशींचा नव्हे. १८६० च्या सुमारास आगगाडी आपल्या गांवास आली. १८७१ च्या सुमारास शहराच्या उत्तरेस एकरूख तलावाचें काम पुरें झालें. १८७७ च्या सुमारास येथें पहिली कापडाची गिरणी चालूं झाली, जिला आपण जुनी मिल म्हणत आलों. आतां कोणी म्हणेल, तीन्ही गोष्टी प्रगतीच्याच. पण फोड करणारा लेखक विचारील : दुष्काळांत आगगाडीनें धान्य आणलें, तें विकत घेण्यास मजुराच्या हातांत पैसा होता काय? तलावाखालीं किती बिघे भिजले, आणि तितक्याच पैशांत आगगाडीनें काय दिलें? गिरणीनें किती हातांस काम दिलें आणि विलायती कापडानें किती मागांचें काम नेलें? हे प्रश्न विचारतांच ‘प्रगति’ या एका शब्दाचे तीन निरनिराळे हिशेब होतात, आणि निबंध लिहिण्यासारखें कांहीं तरी हातीं लागतें. तोंपर्यंत आपण केवळ स्तुति किंवा निंदा करीत असतों.

सोलापूर जिल्हा या चर्चेच्या कडेला नव्हता, मध्यभागीं होता. १८७५ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्यानंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. सावकार दुष्ट म्हणून शेतकरी कर्जबाजारी, असें सरकारी मत. सारा जबर आणि त्याची वसुली ताठर, म्हणून शेतकऱ्यास सावकाराच्या दारीं जावें लागतें, असें सभेचें मत. जोशींनीं सारावाढ, शेतकी कर्ज, शेतकी पेढ्या यांवर लिहिलें तें या वादांत. त्यांच्या शाळेच्या भिंतीबाहेर जो शेतकरी बाजारास येत होता, त्याच्याच घरच्या हिशेबाचा तो वाद होता.

आतां या विद्येचा शिष्य पाहूं. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत कोतळूक येथें जन्मले, १८८४ मध्यें पदवीधर झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले. त्यांनीं अंकगणिताचें शालेय पुस्तक लिहिलें, तें पुष्कळ वर्षें चाललें. म्हणजे हा माणूस आंकड्यांस भिणारा नव्हता. १८८७ च्या सुमारास ते रानड्यांच्या हाताखालीं आले आणि सभेचें त्रैमासिक त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. रानडे त्यांना कागदपत्रांचे ढीग वाचावयास देत, त्यांचें सार काढावयास सांगत, अर्जांचे मसुदे करवीत आणि ते कसून तपासीत. मसुदा परत येई, पुन्हां लिहावा लागे. रानडे वारेपर्यंत, म्हणजे जानेवारी १९०१ पर्यंत, हा क्रम कमीजास्त प्रमाणांत चालला. आज ज्याला आपण एका सत्राचा अभ्यासक्रम म्हणतों, तो गोखल्यांनीं सुमारें चौदा वर्षें केला.

रानडे हे या विद्येचे एक गुरु, तर जोशी हे दुसरे. रानड्यांपाशीं व्यापक दृष्टि मिळे. जोशींपाशीं आंकड्यांची अचूक पारख मिळे. १८९७ सालीं याची परीक्षा झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं विलायतेंत लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें होतें. त्यापुढें साक्ष देण्यास हिंदुस्थानांतून वाच्छा, सुरेंद्रनाथ बानर्जी, सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले गेले. गोखल्यांचें वय त्या वेळीं तीस. त्यांच्या लेखी साक्षीच्या तयारींत रानडे व जोशी या दोघांचेंहि साहाय्य होतें. एप्रिल महिन्यांत त्यांची उलटतपासणी झाली. लेखी निबंध आणि उलटतपासणी यांत मोठा फरक आहे. निबंधांतील कच्ची वीट वाचकाच्या नजरेंतून निसटूं शकते. अनुभवी तपासनीसापुढें ती तत्काळ निखळते. गोखल्यांची साक्ष टिकली. लष्करी खर्च कां वाढला, वरच्या जागांवर युरोपियन नेमल्यानें बोजा किती पडतो, खर्चावर रयतेचा ताबा कसा नाहीं, हें त्यांनीं आंकड्यानिशीं सांगितलें.

पण त्याच वर्षीं, त्याच विलायतेंत, त्याच गोखल्यांच्या हातून दुसरी गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाहीं. पुण्यास प्लेगचा बंदोबस्त चालू होता. घरांची झडती घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचीं पत्रें गोखल्यांस पुण्याहून आलीं. लोकांच्या यातना खऱ्या होत्या, मन क्षुब्ध झालें होतें. ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रास त्यांनीं तो आरोप सांगितला. आरोपाला पुरावा मागण्यांत आला, तेव्हां पुढें येऊन सांगण्यास कोणी तयार होईना. परत आल्यावर गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर दोन्हीकडून टीकेची झोड उठली. सरकारपक्षानें त्यांस खोटें ठरविलें आणि स्वकीयांनीं भित्रें ठरविलें. आरोपांत तथ्य मुळींच नव्हतें, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जें सिद्ध करतां येत नाहीं तें छापून टाकल्यानें पीडितांचें दुःख हलकें होत नाहीं, उलट त्यांच्या खऱ्या गाऱ्हाण्यावरहि अविश्वास बसतो, हें गोखल्यांस फार कठोरपणें शिकावें लागलें. एप्रिलमधील गोखले आणि त्यानंतरचे गोखले यांत बुद्धीचा फरक नव्हता. एका प्रसंगीं हातांत तपासलेला कागद होता, दुसऱ्या प्रसंगीं नव्हता.

यानंतर पांच वर्षांनीं, २६ मार्च १९०२ रोजीं, कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत गोखल्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानीं होते. सरकारी तिजोरींत शिल्लक होती आणि त्यावरून देशाची सुस्थिति सिद्ध होते असें अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांच्या बाजूचें म्हणणें होतें. देशांत तर नुकताच भयंकर दुष्काळ पडून गेला होता आणि प्लेग चालूच होता. मग ही शिल्लक आली कोठून? गोखल्यांची फोड अशी. चांदी उतरल्यामुळें १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव अवघ्या तेरा पेन्यांवर आला होता. विलायतेस जो खर्च पौंडांत पाठवावयाचा, त्यासाठीं एका पौंडास साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठीं कर वाढविले. नंतर टांकसाळी बंद ठेवून रुपयाचा भाव कृत्रिमपणें सोळा पेन्यांवर आणला. आतां पौंडास पंधराच रुपये पडूं लागले. खर्च उतरला, पण त्या खर्चासाठीं बसविलेले कर तसेच राहिले. म्हणून तिजोरी भरली. ती भरली ती रयत सुखी झाली म्हणून नव्हे, तर रयतेकडून गरजेपेक्षां अधिक घेतलें म्हणून. सबब मिठावरील कर कमी करा, हा निष्कर्ष मग आपोआप येतो.

या भाषणानें गोखल्यांचें नांव देशभर झालें. परंतु त्यांनीं जोशींस पत्र लिहिलें तें वाचण्यासारखें आहे. हें भाषण माझ्यापेक्षां तुमचेंच अधिक आहे, त्याचें श्रेय मीच घेत राहणें ही लोकांची जवळजवळ फसवणूक होते, अशा आशयाची कबुली त्यांनीं त्यांत दिली आहे. रानडे वर्षापूर्वींच गेले होते. आंकडे जुळविणारे, शंका काढणारे, कोणत्या तक्त्यावर भिस्त ठेवावी हें सांगणारे जोशीच उरले होते. एका हायस्कुलाच्या हेडमास्तराची विद्या कलकत्त्याच्या कौन्सिलांत साम्राज्याच्या अर्थमंत्र्यापुढें उभी राहिली होती, आणि तिच्यावर सही दुसऱ्याची होती. जोशींनीं त्याबद्दल कधीं कुरकुर केल्याचें दिसत नाहीं. पुढें ते मुंबईच्या कायदे कौन्सिलाचेहि सभासद झाले. त्यांचे लेख व भाषणें त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ सालीं, पुण्यास एका मोठ्या ग्रंथांत एकत्र छापण्यांत आलीं, तेव्हां कोठें नांव आणि लेख यांची गांठ पडली.

मिठाचा कर मणास अडीच रुपये होता. १९०३ मध्यें तो दोन रुपये झाला, १९०५ मध्यें दीड आणि १९०७ मध्यें एक. हें एकट्या गोखल्यांच्या भाषणानें झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, आणि जोशींना तें मुळींच खपलें नसतें. परंतु त्या वादांत रयतेच्या बाजूचा हिशेब चोख मांडलेला होता, एवढें निःशंकपणें म्हणतां येईल.

आतां एक आक्षेप घेतां येईल, आणि तो त्या काळींहि घेतला गेला. इतके परिश्रम करून लिहिलेल्या अर्जास सरकारकडून दोन ओळींचें उत्तर येई : ‘अर्ज पोंचला.’ तरुण गोखल्यांनीं एकदां निराश होऊन रानड्यांस विचारलें कीं, ही मेहनत कशासाठीं? रानड्यांच्या उत्तराचा भावार्थ असा होता कीं, हे अर्ज नांवापुरते सरकारला लिहिलेले असतात. खरे वाचक आपले लोक आहेत, आणि अशा विषयांवर विचार कसा करावा हें त्यांस शिकावयाचें आहे. हें उत्तर थोर आहे. परंतु त्यांतच एक उणीवहि उघडी पडते. आपले लोक जर खरे वाचक, तर ते इंग्रजी कोठें वाचीत होते? सोलापूरच्या बाजारांतील कोष्ट्याला किंवा माळशिरसच्या कुणब्याला ब्लू बुकाचा काय पत्ता? ही उणीव मराठीनेंच भरून काढली. १८४८ पासून लोकहितवादींनीं ‘प्रभाकरां’त पत्रें लिहिलीं, १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ चालविली आणि १८८१ मध्यें ‘केसरी’ निघाला. १८९६ च्या दुष्काळांत सरकारचा दुष्काळी कायदा मराठींत समजावून सांगून, सारासुटीचा तुमचा हक्क काय, हें टिळकांच्या पत्रानें आणि सभेच्या माणसांनीं खेड्यापाड्यांतून पोंचविलें. इंग्रजी निबंध राज्यकर्त्याच्या दारावर धडक देत होता आणि मराठी लेख रयतेच्या ओटीवर येऊन बसत होता. एकावांचून दुसरा लुळा पडला असता.

ही परंपरा गोखल्यांबरोबर संपली नाहीं. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांत डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चामंडळापुढें भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हिंदुस्थानांतील जातींचा उगम व वाढ या विषयावर इंग्रजींत निबंध वाचला. आधींच्या पंडितांचीं मतें एकेक करून तपासावीं, प्रत्येकांत काय बरोबर व काय अपुरें तें सांगावें, आणि मग आपलें मत उभें करावें, अशी त्याची रचना आहे. पुढें रुपयाचा प्रश्न आणि प्रांतिक जमाखर्च या विषयांवर त्यांनीं १९२३ आणि १९२५ मध्यें जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांचा आधार तेच सरकारी अहवाल आणि तेच तक्ते होते, जे एके काळीं सोलापूरच्या हेडमास्तरांनीं उशाशीं ठेवले होते. राजकारणांत या मंडळींचे मार्ग निराळे, कित्येकदां परस्परविरोधी. पण पुराव्याशीं इमान हें त्यांचें समान कुलदैवत म्हटलें तरी चालेल.

तेव्हां आजच्या विद्यार्थ्यास मी काय सांगूं? इंग्रजी शब्दांचा सांठा वाढवा, हें तर खरेंच. बर्क आणि मेकॉले वाचल्यावांचून त्या पिढीचीं वाक्यें सफाईदार झालीं नसतीं. पण वाक्यांच्या आधीं विषय पाहिजे, आणि विषय आपल्या पायाखालचा पाहिजे. जोशींना तो मोसमी पिकांत, साऱ्यांत आणि आगगाडीच्या हुंड्यांत सांपडला. ज्याला इंग्रजींत असा निबंध शिकावयाचा आहे त्यानें आपल्या सोलापूर महानगरपालिकेचें एका वर्षाचें अंदाजपत्रक मागवून घ्यावें. पाण्यावर किती खर्च दाखविला आहे, प्रत्यक्षांत किती झाला, आणि आपल्या पेठेंत नळ किती दिवसांनीं येतो, हे तीन आंकडे एका कागदावर मांडावेत. अधिकाऱ्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत, प्रामाणिकपणें, पहिल्या परिच्छेदांत लिहावें. मग त्याची फोड करावी. जेथें पुरावा नसेल तेथें वाक्य खोडावें, तें कितीहि सुंदर उतरलें असलें तरी. आणि लिहून झाल्यावर तो कागद अशा माणसाच्या हातीं द्यावा, जो चुका काढतांना भीड धरणार नाहीं.

असा माणूस मिळणें हें भाग्य आहे. गोखल्यांना तसे दोन मिळाले, आणि त्यांतले एक आपल्या गांवचे हेडमास्तर होते.